चित्ररथांवरचा थर्माकोल थांबवावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

यंदाच्या गुढीपाडव्याच्या शोभायात्रेतील चित्ररथ देखणे होते आणि त्यामागे मुलांनी कित्येक रात्री जागवल्या होत्या, हे मी जाणतो. परंतु किल्ल्याचे बुरूज थर्माकोलचे, तोरणे प्लॅस्टिकच्या फुलांची आणि मागचा समुद्र फ्लेक्सवर छापलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गडग्याशी थर्माकोलचे पांढरे मणी विखुरले होते आणि शेजारच्या कोंबड्या कण्या समजून ते टिपत होत्या. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे.

नेदरलँड्समधील झुंडर्ट या गावी १९३६ पासून डेलियाच्या फुलांनी मढवलेल्या रथांची मिरवणूक निघते. तेथील रथ वाड्यांचे, म्हणजे गावातील वस्त्यांचे असतात. वीस वाड्या, प्रत्येकीचा एक रथ. लोखंडी सांगाड्यावर पुठ्ठ्याचे थर चढवून शेवटच्या काही दिवसांत लहानथोर मांडवात बसतात आणि लाखो फुले हाताने लावतात. रथाला इंजिन नसते, तो आतून वाडीचीच माणसे ढकलतात. शिमग्याला पालखी खांद्यावर नाचवणाऱ्या आपल्या वाड्यांना हे परके वाटू नये. त्या देशातील अशा मिरवणुकांची परंपरा २०२१ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत आली.

अमेरिकेतील पासाडिना येथे १८९० पासून नववर्षाला निघणाऱ्या रोझ परेडचा नियम तर आपण जसाच्या तसा घ्यावा : रथाचा दिसणारा प्रत्येक भाग फुले, पाने, बिया, साल अशा नैसर्गिक वस्तूंनीच झाकलेला हवा. पाडव्याच्या उन्हात फुले टिकणार नाहीत आणि परवडणारही नाहीत, असे कोणी म्हणेल. पण सगळी फुलेच हवीत असे कुठे आहे? बुरुजाला माडाची सोडणे (नारळाच्या साली) आणि पोफळीच्या विरी (झावळीच्या बुंध्याची रुंद पाने), भिंतींना माडाच्या पात्यांचे विणलेले झाप, नक्षीला काजूच्या बिया आणि भाताच्या लोंब्या चालतील. सुरंगीच्या फुलांचे वळेसर (गजरे) मात्र दर्शनी भागापुरतेच असावेत, कारण पहाटे झाडावर चढून कळ्या काढणाऱ्यांची ती हंगामाची कमाई आहे आणि ही फुले योग्य भावाने विकत घेतली पाहिजेत.

आयोजकांनी हा नियम पुढील पाडव्याच्या निदान तीन महिने आधी जाहीर करावा आणि एकेक रथ एकेका वाडीकडे सोपवावा, ही विनंती. आमच्या वाडीच्या रथासाठी लागतील तेवढ्या विरी आणि सोडणे माझ्या बागेतून नेता येतील.

आपला,
एक वाचक, ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग