माझ्या १४ ‘भरलेल्या’ विहिरी आणि लायब्ररीतल्या ताई

ताई, नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय म्हणून लिहीत नाही, पण डिपार्टमेंटमधल्या निम्म्या पोरांना कळेलच कोणाबद्दल चाललंय ते.

परवा माणदेशातल्या विहिरींवरच्या माझ्या थिसिसची व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, झाली. पीडीएफ शोधगंगेवर (थिसिस ठेवायच्या वेबसाइटवर) जाईल तेव्हा जाईल, पण डेटा झेनोडोवर, म्हणजे संशोधनाचा डेटा ठेवायच्या वेबसाइटवर, चढला आणि डीओआय, म्हणजे त्याची कायमची लिंक, मी तीनदा क्लिक करून बघितला, खरंच उघडतोय का म्हणून. डीओआय आधीच रिझर्व्ह करून थिसिसमध्ये छापता येतो हे तुम्ही सांगितलंत, नाहीतर मी ‘डेटा मागितल्यास मिळेल’ असं लिहून मोकळा होणार होतो.

तुमच्याकडे आलो तेव्हा माझ्याकडे काय होतं, तर ‘फायनल’, ‘फायनल २’ आणि ‘सरांना दिलेली फायनल’ अशा तीन एक्सेल फायली, आणि मला वाटत होतं काम दहा मिनिटांचं आहे, फक्त कुठं अपलोड करायचं तेवढं विचारायचंय. तुम्ही चहा सांगितलात आणि मे महिन्याच्या कॉलमवर बोट ठेवलंत, "हे शून्य म्हणजे काय रे?" मी म्हटलं, विहीर कोरडी. "पण कॉलम तर जमिनीपासून पाण्यापर्यंतच्या अंतराचा आहे ना, मग शून्य म्हणजे काठोकाठ भरलेली की." शप्पथ, पोटात गोळा आला. ऐन मे महिन्यात, माणदेशात, माझ्या १४ विहिरी काठोकाठ! बाकी कुठे डॅश, कुठे ‘कोरडी’, कुठे नुसताच रिकामा सेल, कारण त्या दिवशी माझी गाडी पंक्चर होती आणि मी गेलोच नव्हतो. वह्या काढून सगळं परत तपासण्यात आठ दिवस गेले, सरासरी बदलली, चौथ्या चॅप्टरमधला ग्राफ नव्याने काढला, सरांची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

खोलीचंही तेच, म्हाताऱ्यांनी परस या जुन्या मापात सांगितलेली, पोरांनी फुटात, आणि मी सगळ्याचे मीटर करून मूळ आकडे उडवून टाकलेले. मूळ कॉलम ठेव, शेजारी मीटरचा कर, परस किती फुटांचा धरलास ते रीडमीत (डेटासोबतच्या माहितीच्या फायलीत) लिही, हे सगळं तुमचं. तारखासुद्धा २०२२-०५-०३ अशा केल्या, नाहीतर ०३/०५ म्हणजे ३ मे की ५ मार्च यावर पुढचा माणूस डोकं धरून बसला असता.

पण खरे आभार गट नंबरचे. नावं आणि मोबाइल नंबर काढून मी छाती फुगवून दाखवायला आलो होतो की बघा, सगळं गुप्त. तुम्ही काही न बोलता महाभूलेख ही जमिनीच्या नोंदींची सरकारी वेबसाइट उघडलीत, गाव निवडलंत, माझ्या शीटमधला गट नंबर टाकलात, आणि सातबारा समोर, मालकाच्या नावासकट. त्यात ६० मीटरच्या खाली बोअर नेलेलेही काहीजण होते, आणि भूजल कायद्यात एवढ्या खोल बोअरवर बंधन आहे ते आपल्याला माहितीये. तुमचं नाव कुठे येणार नाही असं त्यांच्याच ओट्यावर बसून, त्यांच्याच घरचा चहा पिऊन मी सांगितलं होतं ताई. मग गट नंबर गेला, जीपीएस दोन दशांशांवर आणलं म्हणजे साधारण किलोमीटरभराचा घोळ, बोअरची नेमकी खोली न देता टप्पे दिले, विहिरींना वि-००१ पासून नंबर लावले, आणि कोणता नंबर कुणाचा ती यादी माझ्या कपाटात कुलपात. नकाशा मोघम झाला म्हणून मी तोंड पाडून बसलो होतो तर तुम्ही म्हणालात, "राहू दे मोघम, परत त्याच गावात जायचंय ना तुला?"

गेलो ना मागच्या रविवारी. सोमवारी लायब्ररीत येतो, वि-०३७ च्या मालकांनी तुमच्यासाठी पिशवीभर डाळिंबं दिलीत. कोण ते विचारू नका.