त्याच मैदानावर, त्याच संघाविरुद्ध

महोदय,

शनिवारी, ४ मे २०२४ रोजी आपल्या मुंबई सिटी फुटबॉल संघाने कोलकात्यात मोहन बागानला ३-१ असे हरवून आयएसएल (इंडियन सुपर लीग) करंडक जिंकला. १५ एप्रिलला याच सॉल्ट लेक मैदानावर आपण १-२ ने हरलो होतो. नुसती बरोबरी पुरली असती, पण साखळीत अव्वल ठरणाऱ्या संघाला मिळणारे लीग शिल्ड हातचे गेले. त्या रात्री माझा मुलगा न जेवताच झोपला.

म्हणून अंतिम सामन्यात ४४व्या मिनिटाला मोहन बागानच्या कमिंग्जने गोल केला, तेव्हा घरात कोणी बोलेना. उत्तरार्धात आपल्या डियाझने बरोबरी साधली आणि ८१व्या मिनिटाला बिपिन सिंग! २०२१च्या अंतिम सामन्यातही याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध ९०व्या मिनिटाला त्यानेच गोल केला होता. मुलगा सोफ्यावर उभा राहून ओरडत होता. मीही त्याला खाली उतर म्हटले नाही. भरपाई वेळेत वोयतुसने तिसरा गोल केला.

करंडक उंचावला तो आपल्या मुंबईच्याच कर्णधार राहुल भेकेने. मराठी क्रीडापानांनी, आयपीएलच्या धामधुमीतही, राहुलची कहाणी फोटोसह सविस्तर छापावी, ही कळकळीची विनंती. पुढच्या हंगामात अंधेरीच्या मैदानावर आम्ही दोघे जाणार आहोत. आकाशी जर्सी आत्ताच धुऊन ठेवली आहे.

– एक फुटबॉलप्रेमी, मुंबई