धावपट्टीइतकाच स्लॉटही महत्त्वाचा

मुंबई विमानतळावरील गर्दी कमी करण्यासाठी छोट्या शहरांची विमाने हटवावीत, असे सुचवणारा आपल्या अंकातील लेख वाचला. हा उपाय मुळीच पटत नाही. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. मूळ अडचण ही आहे. २०२४ मध्ये गर्दीच्या तासातील विमानांची ये-जा ४६ वरून ४४ वर आणावी लागली, तीही याच ताणामुळे.

सांगलीकराला आज विमानासाठी कोल्हापूर गाठावे लागते. सकाळी निघून मंत्रालयातले किंवा टाटा रुग्णालयातले काम उरकून संध्याकाळी परतता आले, तरच त्या सेवेला अर्थ. भर दुपारचा स्लॉट, म्हणजे विमान उतरण्या-उडण्यासाठी ठरवून दिलेली वेळ, दिला की मुंबईत मुक्काम पडतो, आसने रिकामी राहतात आणि मग ‘प्रतिसाद नाही’ म्हणून सेवाच गुंडाळली जाते.

सांगलीजवळच्या कवलापूरच्या नियोजित विमानतळाचा आग्रह आपण धरतो, तो धरावाच. पण तिथली धावपट्टी तयार झाली आणि मुंबईत उतरायला स्लॉटच नसला, तर विमान जाणार कुठे? नवी मुंबईचा विमानतळ आता सुरू झाला आहे. तेथील सकाळ-संध्याकाळचे काही स्लॉट राज्यातील छोट्या शहरांसाठी आताच राखून ठेवावेत. मिळालेला स्लॉट किमान ८० टक्के वापरला की वेळापत्रकाच्या पुढच्या हंगामातही तो त्याच कंपनीकडे राहतो, त्यामुळे मागाहून जागा मिळणे कठीण. जिल्ह्यातील खासदार-आमदारांनी ही मागणी केंद्राकडे लावून धरावी.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली