एफडी मोडली, सुन्या

सांगली, २६ सप्टेंबर

प्रिय सुन्या,

आठ महिने ना पत्र ना फोन. शिव्या घाल, ऐकून घेईन. आईचा गुडघा तसाच, माझी शुगर आटोक्यात.

काल आपल्या नाटक मंडळाची एफडी मोडली. तुला आधी विचारलं असतं तर हातून झालंच नसतं. पहिल्या प्रयोगानंतर बंडूच्या ओसरीवर दहा-वीसच्या नोटा मोजून ठेवलेले ११ हजार, वाढत वाढत ३४ झाले होते. तू म्हणत होतास रंगमंचावरचे दिवे कमी-जास्त करायला डिमर घेऊ, मी हात लावू दिला नाही. तीन आठवडे अबोला! बंडू निरोप्या, आणि तोही निम्मे निरोप विसरायचा. आता त्यातून तालमीच्या हॉलचं सहा महिन्यांचं थकलेलं भाडं भरलं.

पैसे येत नाहीत असं नाही रे. महोत्सवाला देणारे आहेत, बॅनरवर नाव येतं. पण हॉलचं भाडं, विजेचं बिल, दर रविवारी मिरजेहून येऊन पोरांचा आवाज घडवणाऱ्या सरांचं मानधन, याला कोण देणार? यंदाची मोठी देणगी एकाच प्रकल्पासाठी बांधलेली. पासबुकात १ लाख १० हजार दिसतात, त्यातले आपण खर्चू शकतो ते २२ हजार. कार्यकारिणीला हे समजावताना घसा कोरडा पडला.

जूनच्या प्रयोगाला शंभराची १४० तिकिटं गेली. आले १४ हजार, गेले ३१. शिल्पा म्हणते दोनशे करा, पाचशेपर्यंत जीएसटीही नाही. पण आपल्या पोरांच्या आयांना चार तिकिटं कशी परवडायची? याच गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी खेळ उभा केला तो राजाश्रयावर. १८५१ ला राजेसाहेब गेले आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावं लागलं. आपल्या पोरांना तर सोमवारी शाळा असते.

छोटीचा बारावीचा निकाल कळला, शाब्बास म्हणून सांग. बदलीचं काय झालं?

३० तारखेच्या आत ऑडिट द्यायचंय. ३१ मार्चच्या ताळेबंदात एफडी अजून आहे, त्यावर उद्या खजिनदार म्हणून सही करायची. पावतीच्या मागे तू पेन्सिलीने 'डिमर २' लिहिलेलं, ते मला कालच दिसलं. पावती बँकेने ठेवून घेतली. मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवलाय, येशील तेव्हा दाखवतो. दिवाळीत ये.

तुझा,
अव्या