मुलांना रक्त चढवताना येणाऱ्या रिअ‍ॅक्शनची वेगळी नोंद ठेवा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरात लहान मुलांच्या वॉर्डात मी बरीच वर्षे परिचारिका होते. रक्त चढवताना मोठ्यांपेक्षा मुलांना जास्त रिअ‍ॅक्शन येते, हे आम्ही पाहत आलो. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा २०१५ सालचा अभ्यासही तेच सांगतो. तिथे दर हजार वेळा रक्त किंवा रक्तघटक दिल्यावर मुलांत ६.२ रिअ‍ॅक्शन आढळल्या, मोठ्यांत २.४. ताप आणि अ‍ॅलर्जी, दोन्हींचं प्रमाण मुलांत जास्त होतं.

मोठा माणूस सांगतो, "सिस्टर, थंडी वाजतीया, कंबर धरलीया." सहा महिन्यांचं बाळ नुसतं रडतं, आणि सुई टोचल्यामुळे ते आधीच रडत असतं. अंगावर गांधी उठल्या का, श्वास वाढला का, हे कुणीतरी दुपटं बाजूला करून बघावं लागतं. सात किलोच्या बाळाला साधारण ७० ते १०५ मिली रक्त पुरतं. ते वेगाने गेलं तर फुप्फुसांत पाणी साचतं. म्हणून पहिली पंधरा मिनिटं परिचारिकेने खाटेपासून हलू नये. भरलेल्या वॉर्डात दोघीच ड्यूटीवर असतील तर हे कसं जमायचं?

थॅलेसेमियाच्या मुलांचा विचार तर आधी करा. या जन्मजात आजारात शरीर पुरेसं रक्त बनवू शकत नाही. चंदगड, आजरा, गगनबावड्याहून आई-बाप एस.टी.ने त्यांना घेऊन येतात. दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त, तेही जन्मभर. पांढऱ्या पेशी गाळून काढलेलं रक्त दिलं तर तापाची रिअ‍ॅक्शन बरीच कमी होते. या मुलांना ते मोफत आणि दर वेळी मिळालं पाहिजे. यात काटकसर नको.

रिअ‍ॅक्शन कळवण्यासाठी देशात १० डिसेंबर २०१२ पासून हिमोव्हिजिलन्स कार्यक्रम आहे. पण वॉर्डात काय होतं, ते मी पाहिलं आहे. रक्त थांबवतात, अ‍ॅलर्जी दाबणारी एविल-हायड्रोकॉर्टची इंजेक्शनं देतात, मूल शांत झालं की सगळे पुढच्या कामाला लागतात. पिशवी तपासणीसाठी रक्तपेढीकडे परत जात नाही, फॉर्म कोरा राहतो. त्यात परिचारिकेचा आळस नसतो. आपल्यावर ठपका येईल ही भीती असते.

साहेब, रिअ‍ॅक्शन कळवणाऱ्यावर कारवाई होणार नाही, असं लेखी परिपत्रक काढा. प्रत्येक जिल्ह्याने मुलांचे आकडे वयानुसार वेगळे द्यावेत. सुरुवात कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) या सरकारी रुग्णालयापासून करा आणि पहिल्या वर्षाचे आकडे जाहीर करा.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका, कोल्हापूर