थंड इंजिनाला कान लावणाऱ्या मिस्त्री मामांस

आदरणीय मिस्त्री मामा,
सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी पैसे देताना मी "बरं झालं मामा" एवढंच बोलले आणि गाडीत बसले. अण्णांची डायलिसिसची वेळ होत आली होती. लातूरच्या वाटेला लागल्यावर ध्यानात आलं, आभार मानायचे राहूनच गेले. म्हणून हे पत्र. उघडं लिहितेय, कारण जुनी गाडी घेतल्यावर आवाजाच्या धसक्यानं झोप उडालेली मी एकटी नसणार. तुम्ही मला जे दाखवलंत ते आणखी चार जणांच्या कामी यावं. मोबाईलवर वाचत बसायला तुम्हाला वेळ नसतो, ठाऊक आहे. नातवाला वाचून दाखवायला सांगा.

गाडी आम्ही कशासाठी घेतली ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. अण्णांना आठवड्यातून दोनदा लातूरला न्यावं लागतं. चार तास मशीनवर काढल्यावर बीपी उतरतं, पायात बळ राहत नाही. अशा माणसाला फाट्यावर एसटीची वाट बघत उभं करणं माझ्यानं होईना. पतसंस्थेचं कर्ज काढलं आणि दसऱ्यानंतर ही 2013 सालची डिझेल गाडी घेतली. दिसायला चांगली, आत सीट कव्हर नवे, बोनेटखालचा इंजिनाचा पट्टा पण नवाकोरा. नवा पट्टा बघून मला तर बरंच वाटलं होतं.

थंडी पडली आणि आठवड्याभरात आवाज सुरू झाला. सकाळी किल्ली फिरवली की अख्खी गल्ली जागी व्हावी अशी किंचाळी. दहा मिनिटांनी आपोआप बंद. मागच्या सीटवरून अण्णा विचारायचे, "पोरी, पोचवतीय ना ही आपल्याला?" ते अगदी शांतपणे विचारायचे, पण माझ्या पोटात गोळा यायचा.

पहिल्या ठिकाणी पट्टा बदलून दिला. आठ दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. दुसऱ्या ठिकाणी पट्ट्यावर कसलासा स्प्रे मारला, तो दोन दिवस टिकला. मग तिथंच सांगितलं की अल्टरनेटर (बॅटरी भरणारं यंत्र) गेलाय, नऊ हजार लागतील, आणि लांबवलं तर टायमिंग (इंजिनाच्या आतल्या भागांचा मेळ राखणारी यंत्रणा) जाऊन इंजिन बसेल. इंजिन बसेल हे ऐकून मी त्या रात्री कर्जाचं पासबुक काढून बसले. तुमच्याकडे आले ती दुसऱ्या दिवशी, शाळा सुटल्यावर, शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून.

तुम्ही बोनेट उघडलंच नाही. हाताची पाठ बोनेटला लावून बघितली आणि म्हणालात, "ताई, आता ही गरम हाय. आता ही काय सांगणार न्हाई. रातभर हितं ठिवा, सकाळी सातला या. तुमी आल्याबिगर मी किल्ली फिरवत न्हाई." आणि लगेच विचारलंत, "घ्यायला गेलावता तवा बी इंजिन गरमच व्हतं ना?"

होतं मामा. आम्ही पोचण्याआधीच गाडी चालू करून ठेवलेली होती. मला ती अगत्याची गोष्ट वाटली होती. जुनी गाडी बघायला जाताना आधी बोनेटवर हात ठेवावा आणि गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी यावं, हे तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर! आता मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगते.

सकाळी आले तर तुम्ही शेडापुढं सडा मारून वाटच बघत होतात. पहिलं काम म्हणून मला ओढणी मागं घट्ट बांधायला लावलीत आणि लांब उभं केलंत. फिरत्या पट्ट्यात कापडाचं टोक गेलं तर माणूस ओढला जातो, म्हणालात. मग किल्ली. तीच किंचाळी. तुम्ही मान डोलावली, "हं, बोलली." मग हेडलाईट लावायला सांगितलेत, ब्लोअर लावायला सांगितलात, आणि आवाज आणखी चढला.

माझं शिक्षण विज्ञानाचं, पण तुम्ही जितकं सोपं करून सांगितलंत तितकं मला वर्गात कधी जमलं नाही. स्टार्टर मारला की बॅटरी खर्ची पडते. ती भरायला अल्टरनेटर जोर लावतो. दिवे, ब्लोअर लावले की आणखी जोर. जोर वाढला की त्याची पुली, म्हणजे पट्टा ज्यावरून फिरतो ते चाक, जड फिरते, आणि पट्ट्याची पकड पुरी नसेल तर तो पुलीवरून घसरतो. घसरणाऱ्या रबराचा तो आवाज. थंडीत रबर कडक असतं, वर रात्रीचं दव. पाच-दहा मिनिटांत बॅटरी भरत येते, पट्टा गरम होऊन सुकतो, आवाज जातो. आणि माणूस समजतो, गाडी बरी झाली.

मग बाटलीतलं पाणी चालू पट्ट्याच्या आतल्या, खाचांच्या बाजूवर थोडंसं शिंपडलंत. पाण्यानं आवाज घटकाभर गेला आणि परत आला असता तर पुली एका रेषेत नाहीत. पाण्यानं वाढला तर पट्टा घसरतोय. वाढला. भरीला चिरचिर आणि किंचाळी यातला फरकही सांगितलात. पुली वाकडी असली की पाखरासारखं थांबून थांबून चिवचिवतं, पट्टा घसरला की सलग ओरडतं.

त्यानंतर मीटर काढून बॅटरीला लावलात. इंजिन चालू असताना 14.1 व्होल्ट. "अल्टरनेटर ठणठणीत हाय. ह्याला हात लावायचा न्हाई." मामा, माझे नऊ हजार रुपये त्या एका वाक्यानं वाचले. पण त्याहून जास्त काही झालं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा कुणी तरी मला मोजून सांगितलं होतं. आधीचे सगळे अंदाजावर बोलत होते, आणि अंदाजाचे पैसे माझ्याकडून घेत होते. आणि टायमिंगचं? ते इंजिनाच्या झाकणाआड असतं, या बाहेरच्या पट्ट्याशी त्याचा संबंध नाही, हे तुम्ही झाकणावर बोट ठेवून दाखवलंत. इंजिन गार ठेवायला पाणी फिरवणारा वॉटर पंप माझ्या गाडीत याच बाहेरच्या पट्ट्यावर, काही गाड्यांत तो टायमिंगच्याच पट्ट्यावर असतो, तिथं गोष्ट वेगळी, हेही सांगायला विसरला नाहीत.

मग तो लांब स्क्रू ड्रायव्हर. टोक अल्टरनेटरच्या अंगाला, मूठ कानाला. ऐकलंत आणि माझ्या हातात दिलात. कुठं टेकवायचा, फिरत्या भागापासून किती लांब धरायचा, ते माझा हात धरून दाखवलंत. अल्टरनेटरचा आवाज नुसता घूं. मग टोक वॉटर पंपाच्या अंगावर ठेवलं, आणि जात्यात खडा आल्यासारखी खरखर थेट कानात शिरली. माझ्या अंगावर काटा आला. इतके दिवस सगळे पट्ट्याकडे बघत होते.

तरी तुम्ही घाई केली नाहीत. इंजिन बंद करून पट्टा काढलात, आणि बिनपट्ट्याचं इंजिन जेमतेम दहा सेकंद चालवलंत, कारण पंप फिरत नसताना जास्त चालवायचं नाही. आवाज नाही. म्हणजे दुखणं इंजिनाच्या पोटात नव्हतं, बाहेर होतं. मग एकेक पुली हातानं फिरवून बघायला लावलीत. आयडलर, म्हणजे पट्ट्याला नुसती वाट देणारी पुली, गुळगुळीत. पट्टा ताणून धरणारा टेन्शनर ठीक, स्प्रिंगला जोर. अल्टरनेटर ठीक. पंपाची पुली मात्र हातात डुगडुगली, आणि तिच्याखाली, पंपाच्या बुडाच्या बारीक भोकापाशी, पांढरट खपली. नखानं ती खरवडून तळहातावर घेतलीत आणि म्हणालात, "हे बगा. बोअरचं पाणी."

पुढचं मी आजवर निदान दहा जणांना सांगितलं असेल. रेडिएटरमध्ये कुणी तरी कूलंटऐवजी साधं बोअरचं पाणी घालत आलं होतं. आपल्याकडचं बोअरचं पाणी किती जड ते घरच्या पातेल्याच्या बुडाला बघितलं की कळतं. तेच क्षार गरम इंजिनात साचतात. कूलंटमध्ये गंज रोखणारं औषध असतं, साध्या पाण्यात ते नसतं, म्हणून आतला धातू झिजतो. तो कचरा फिरत फिरत पंपाच्या सीलला घासतो, सील गळायला लागतं. ते गळणं दिसावं म्हणूनच कंपनीनं ते भोक ठेवलेलं असतं. पाणी बेअरिंगमध्ये शिरलं की ग्रीस जातं, पंप जड होतो, आणि उरलेला थेंब थेंब फिरत्या पुलीवरून पट्ट्यावर उडतो. जड पंप, ओला पट्टा. नवा घातला तरी तो घसरणारच. आणि पंप एखाद्या दिवशी जागीच आवळला असता तर पट्टा जळाला नाही तर उडाला असता. चार्जिंगही बंद, पाण्याचं फिरणंही बंद. मे महिन्यात, चाळीसच्या वरच्या उन्हात, अण्णा मागच्या सीटवर. पुढचं तुम्ही बोलला नाहीत, मीही विचारलं नाही.

मी रागानं म्हणाले, "असं पाणी घालणारी माणसं तरी कसली!" तेव्हा तुम्ही हातातला पाना खाली ठेवलात. "ताई, गाडी 13 सालची हाय. 16 चा उन्हाळा बघितलाय तिनं. लोकास्नी प्यायला न्हवतं, रेडिएटरला डिस्टिलचं कोण घालतंय?"

मी गप्प झाले. तो उन्हाळा मीही विसरलेली नाही. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा टँकर, पाच लाख लिटर. आमच्या शाळेतली लेकरं दप्तराबरोबर रिकाम्या बाटल्या घेऊन यायची. त्या साली ही गाडी कुणाच्या दारात होती, कुणाला घेऊन कुठल्या दवाखान्याला पळत होती, कोण जाणे. तुमच्या त्या वाक्यानंतर माझा आधीच्या मालकावरचा राग गेला.

तुम्ही पंप बदललात, गास्केट नवं टाकलंत, पाणी निर्मळ येईपर्यंत रेडिएटर पुन्हा पुन्हा धुतलात, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर मोजून भरलंत. पट्टाही बदलावा लागला. महिन्याभराचाही नव्हता तरी खाचा काचेसारख्या चकचकीत झाल्या होत्या, आणि स्प्रेच्या चिकट्यावर काळ्या मातीची धूळ बसली होती. तो वाया गेला याचं तुम्हालाच माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. मग बोनेटच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगानं तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवलेत, कूलंट पुन्हा कधी बदलायचं तेही. हिशेब झाला चार हजार दोनशे. मजुरीचे सहाशे त्यातच. मी जास्त देऊ केले तर परत दिलेत.

अण्णांना घरी येऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आमच्या मशीनला तरी कुठं साधं पाणी चालतंय? तिथं बी गाळून गाळून घेत्यात." डायलिसिसला आरओचंच पाणी लागतं, हे त्यांना तिथल्या सिस्टरनं सांगितलेलं. तेव्हापासून डिस्टिल्ड वॉटरचा कॅन डिकीत आहे की नाही हे ते स्वतः बघतात. आणि गाडीत बसल्यावर आता विचारत नाहीत. लातूर येईपर्यंत झोपतात. तुम्ही मला काय दिलंत, मामा, ते हेच आहे.

जुना पंप तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून दिला होतात, "लेकरांना दाखवा" म्हणून. तो आता सातवीच्या वर्गातल्या कपाटात आहे. मुलं पुली डुगडुगवून बघतात, ते बारीक भोक शोधतात. एका मुलीनं विचारलं, "बाई, गळतंय हे कळावं म्हणून मुद्दाम भोक?" तिला मी तुमच्या शेडात घेऊन येणार आहे. तिच्या घरी बोअर मारून झालेत तीन, पाणी एकालाच, आणि तिला मशीनचं वेड आहे. तिला तुमचा स्क्रू ड्रायव्हर कानाला लावायचाय.

येळवस, आपली शेतातल्या पूजेची वेळ अमावस्या, जवळ आली. शेतात पूजेसाठी कडब्याची कोप घालतोय, भज्जी, आंबील, उंडे, गव्हाची खीर, सगळं आहे. अण्णांना पथ्य आहे, त्यांच्या वाटीत चवीपुरतंच, पण तुम्हाला वाढायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलंय. त्या दिवशी रस्त्याला माणूस नसतं, शेड उघडं ठेवून तुम्हाला गिऱ्हाईक तरी कोण येणार? मामींना आणि नातवालाही घ्या. सकाळी आठला मी गाडी घेऊन दारात येते. रात्रभर गार पडलेलं इंजिन बघायचं असलं तर आदल्या संध्याकाळीच गाडी तुमच्याकडे लावून जाते. सकाळी किल्ली तुम्ही फिरवा, आणि ऐका.

आपली,
रेणापूर तालुक्यातली ती शाळेच्या बाई