ताई, ती कागदावरची रेघ अजून फ्रिजवर आहे

ताई नमस्कार,

तुमचं नाव मुद्दामच लिहीत नाहीये, पण वाचलंत की कळेलच. मी इंदूरच्या सुदामा नगरची, फेब्रुवारीत दुपारी मिस्टरांबरोबर तुमच्याकडे आहाराचा सल्ला घ्यायला आले होते, रिपोर्टांची पिशवी घेऊन, आणि खुर्चीत बसल्याबसल्या रडायलाच लागले होते, ती.

दोन वर्षांत 61 चं 74 किलो झालं होतं. थायरॉईडची गोळी एक दिवस चुकवली नव्हती तरी रक्ततपासणीत टीएसएच 11.8, थायरॉईड कमी पडलं की वाढतो तो आकडा. त्याआधी वजन कमी करायच्या एका सेंटरमध्ये चार महिने पैसे भरले, त्यांनी सोया प्रोटीनची पावडर गळ्यात मारली, पोहे बंद, भात बंद, केळं बंद, कोबी-फ्लॉवर तर घरात आणायचाच नाही, आणि दर आठवड्याला काट्यावर उभं करून सगळ्यांसमोर विचारायचे, खरं सांगा काय खाल्लंत. खरंच काही खाल्लेलं नसायचं हो. घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे, म्हणजे मुलांना ऐकू जाऊ नये.

तुम्ही पहिल्या दिवशी काट्याला हातच लावला नाहीत. म्हणालात, सकाळी उठल्यापासून नऊपर्यंत काय काय करता ते सांगा, अगदी बारीकसारीक. मी सांगत गेले, सहाला उठते, सासूबाईंच्या चहाबरोबर माझाही अर्धा कप, त्याच घोटाबरोबर थायरॉईडची गोळी, लगेच कॅल्शियमची, मग डबे, मग ती पावडर दुधातून. तुम्ही पेन खाली ठेवलंत. थायरॉईडच्या गोळ्यांची बाटली मागितलीत, झाकण उघडून बघितलंत, विचारलंत ठेवता कुठे, म्हटलं ओट्यावर, गॅसच्या बाजूला. मग कागदावर एक आडवी रेघ ओढून त्यावर सहा, सात आणि दोन असे आकडे मांडलेत. सहाला गोळी नुसत्या पाण्याबरोबर, सातपर्यंत चहासुद्धा नाही, कॅल्शियम किंवा लोहाची गोळी निदान चार तासांनी म्हणजे दुपारच्या जेवणानंतर, सोया त्या गोळीच्या आसपास नको, आणि बाटली गॅसपासून लांब, कोरड्या जागी. चहा, कॅल्शियम, सोया सगळं मिळून गोळी अंगी लागूच देत नव्हतं, आणि हे दोन वर्षांत मला एकानेही विचारलं नव्हतं!

वर हेही सांगितलंत की वेळ सुधारली की तोच डोस जास्त लागू पडू शकतो, छातीत धडधडलं तर लगेच डॉक्टरांकडे जा, सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करा, डोस मी बदलणार नाही, तो डॉक्टरच ठरवतील. मला तुमचा हा सरळपणा फार आवडला.

दुसरी गोष्ट ऐकायला जड गेली पण तुम्ही हात धरून सांगितलीत. थायरॉईडमुळे साधारण अडीच ते साडेचार किलो वाढतं, त्यातलंही बरंचसं अंगात साठलेलं पाणी आणि मीठ, बाकीचं वजन खाण्या-हालण्याचं, आणि ते तुमचा गुन्हा नाही, थकलेलं माणूस हालणार कसं. आणि मग पोहे परत दिलेत. इंदूरच्या माणसाला पोहे सोडायला सांगायचं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत होतं. म्हणालात पोहे वाफवलेलेच असतात, खा, त्यात मटार आणि मूठभर मोड आलेले मूग घाला, वरून जिरावन मसाला हवा तेवढा, सेव चिमूटभर, जिलबी रविवारी एकच. दुपारी पातळ वरणाऐवजी घट्ट डाळ नाहीतर उसळ, एक वाटी दही, रात्री आठच्या आत जेवण, भाकरीबरोबर पिठलं चालेल पण तेल चमच्याने मोजून. कोबी शिजवून खा म्हणालात, रोजच्या भाजीइतका खाल्ला तर काही होत नाही.

आणि मीठ! व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून आम्ही वर्षभर सगळा स्वयंपाक सैंधवात करत होतो. तुम्ही समजावलंत की माझा आजार अँटीबॉडीचा आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईडवर उलटलीये, मीठ बदलून तो जाणार नाही, पण घरात वाढती मुलं आहेत, आयोडीनचं मीठ बंद करू नका, आणि आयोडीनच्या वेगळ्या गोळ्याही मनाने घेऊ नका. सैंधव आता उपासापुरतं.

एप्रिलमध्ये टीएसएच 3.4 आला, त्याच डोसवर. त्या आधीच फरक कळत होता, पोट साफ व्हायला लागलं, सकाळी चेहरा सुजलेला नसायचा, आणि एक दिवस भांडी घासताना लक्षात आलं की बांगड्या मनगटावर सरकतायत, आधी रुतून बसायच्या. संध्याकाळी अन्नपूर्णा मंदिरापर्यंत चालत जाते, सुरुवातीला अर्ध्यातच दम लागायचा. आता वजन 68.5 आहे. हळू उतरतंय, पण तुम्ही हळूच उतरेल म्हणाला होतात म्हणून धीर सुटला नाही. सासूबाई तर स्वतःहून सातपर्यंत चहा टाकत नाहीत, माझ्यासाठी थांबतात, त्यांच्यासाठी ही किती मोठी गोष्ट आहे ते घरातल्यांनाच ठाऊक.

फार बोलता येत नाही मला समोर, म्हणून लिहिलं. मनापासून थँक्यू ताई.

गुरुवारी माझ्या मावसबहिणीला पाठवतेय, तिलाही आत्ताच गोळी सुरू झालीये. ती पण चहाबरोबरच घेते, तिलाही एक रेघ काढून द्या.